बिनदोऱ्याचं मशीन

बाजारात तिला तोंडावर 'मावशी' म्हणत आणि पाठीमागे 'कात्री'. दोन्ही नावं तिला माहीत होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडत होतं. शाळेच्या गणवेशांचं तिचं दुकान दुसऱ्या मजल्यावर, एकोणीस पायऱ्या चढून. खाली रस्त्यावर पाटी नाही. ज्याला एवढं विचारत यायची अक्कल नाही त्याच्या पोराचं माप घ्यायला मला सवड नाही, असं ती म्हणायची. शिक्षण तिसरीपर्यंत. वाचायची ती बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत. पण माप एकदा कानावर पडलं की वर्षभर विसरायची नाही, आणि अपमान कानावर पडला तर जन्मभर.

दुकानात तीन मशीनं, एक लांबच लांब टेबल, एक इस्त्री आणि बटणकाकू. बटणकाकू एकतीस वर्षं तिथे खिडकीपाशी बसून काजंबटणं करत होती. मावशीच्या तोंडाला तोंड देऊन टिकलेलं जगात ते एकच माणूस.

त्या दुपारी जिन्यात पावलं वाजली, मध्येच थांबली, खाली गेली आणि पुन्हा वर आली.

"भिंगरी आली," बटणकाकू मान वर न करता म्हणाली.

भिंगरी म्हणजे मावशीची लेक. एकुलती एक. वय अडतीस, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. दारात येऊन उभी राहिली ती धापा टाकत. कोटाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात, एका बुटाची नाडी लोंबत.

"छत्री राहिली होती खाली कठड्यावर," ती म्हणाली.

"डोकं आणलंस ना वर, की तेही कठड्यावरच आहे?"

भिंगरी हसली. आठव्या वर्षापासून ती हे वाक्य ऐकत होती. कठड्याच्या जागी कधी शाळा यायची, कधी बस, एवढाच फरक.

"आई, एक काम आहे तुझ्याकडे. आधी ऐकून घे, मग बोल."

"मला दोन्ही एकदम जमतं."

"मावशी, ऐक गं," बटणकाकू म्हणाली.

भिंगरीने सांगितलं ते असं. सहा वर्षं ती एका मोठ्या दवाखान्याच्या औषधकोठारात कामाला होती. वॉर्डावॉर्डाच्या चिठ्ठ्या यायच्या, चिठ्ठीप्रमाणे औषधं मोजून खोक्यात भरायची, खोकी वर पाठवायची. गेल्या सहा महिन्यांत दोनदा एका वॉर्डाचं खोकं दुसऱ्या वॉर्डात गेलं. दोन्ही वेळा तिथल्या नर्सने पाहिलं म्हणून निभावलं. साहेबांनी आत बोलावून दार लावलं आणि म्हणाले, तू माणूस सोन्यासारखं आहेस, पण औषधांच्या जागी मी सोनं ठेवून काय करू? मग ती घराजवळच्या डॉक्टरकडे गेली. त्याने अर्धा तास नुसते प्रश्न विचारले आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. एडीएचडी आहे का ते तपासून घ्या, म्हणून.

"ए-डी काय?"

"लक्ष एका जागी टिकत नाही. जन्मापासूनच असतं ते. माझ्यासारख्यांचं मोठेपणी कळतं."

"वेडाचा डॉक्टर आहे म्हणजे."

"नाही गं. लक्षाचा."

"लक्ष लावायला पण डॉक्टर असतो? मग मी इतकी वर्षं फुकट राबले म्हणायची."

बटणकाकू फिसकन हसली. भिंगरीही हसली, पण तिचे हात पिशवीत काहीतरी शोधत होते. रुमाल निघाला, अर्धं सफरचंद निघालं, आणि मग चौपट घडी घातलेला कागद निघाला.

"तिकडे रांग मोठी आहे. त्यात नाव लावायच्या आधी ते एक फॉर्म मागतात. बारा वर्षांची व्हायच्या आत मी कशी होते ते लिहून द्यायचं. तेव्हा मला रोज पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय." तिने कागद टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी सपाट केला. "साहेब म्हणालेत, महिनाअखेरपर्यंत तपासणीची तारीख मिळाल्याचं पत्र आण, मी तुझी जागा धरून ठेवतो. बाजूला कोपऱ्यात शांत टेबल देतो. पत्र नाही आलं तर नाही. आई, ही नोकरी गेली तर मला पुढची कोण देईल?"

मावशी कागदाकडे पाहत होती.

"भरून पाकीट बंद करायचं आणि त्यांच्याकडेच पाठवायचं. मी वाचायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. फक्त खरं लिही. जे होतं ते."

"मी कधी खोटं बोलले?"

"तेच तर," भिंगरी म्हणाली. "म्हणून मला काळजी नाही."

जाताना ती छत्री विसरली. बटणकाकूने खिडकीतून हाक मारून खाली टाकली.

मावशीने फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळी भरला, दुकान उघडायच्या आधी. हात साबणाने धुतले, चष्मा पुसला, टेबलावरची कापडं बाजूला सारली. असा मान त्या टेबलावर आजवर फक्त पांढऱ्या कापडाला मिळाला होता. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन होते: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी. एकात खूण करायची.

वस्तू हरवायची का?

मावशीने पेन हातात धरलं आणि आठवून पाहिलं. हरवायला ती हरवू देईल तेव्हा ना! पेन्सिलीला भोक पाडून नाडी ओवली होती आणि नाडी गळ्यात. हातमोजे एकमेकांना दोरीने जोडून ती दोरी कोटाच्या एका बाहीतून दुसऱ्या बाहीत घातली होती. घराची किल्ली दप्तराच्या अस्तराला लाल फितीने शिवलेली. दार उघडायचं तर अख्खं दप्तर कुलपापर्यंत उचलायचं. वर्गातल्या बाकीच्या पोरी दर आठवड्याला काहीतरी हरवून रडत यायच्या. तिची नाही.

कधीच नाही.

अभ्यासाला एका जागी बसायची का?

हे तर विचारायचं कामच नव्हतं. पहिलीत असताना पोर पाटावर दोन मिनिटं टिकत नसे, सतरंजीवर नाही, खुर्चीवर नाही. एके संध्याकाळी वैतागून मावशीने तिला कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर बसवलं, सुई काढून घेतली, दोरा काढून घेतला आणि म्हणाली, मार पाय. पोरीने पायडल मारायला सुरुवात केली आणि पुस्तकात नाक घातलं ते दोन तास वर काढलं नाही. तेव्हापासून दहावीपर्यंत सगळा अभ्यास त्या बिनदोऱ्याच्या मशीनवर झाला. मशीन गरगर चालतंय, कापड नाही, दोरा नाही आणि वर पाढे चाललेत. गिऱ्हाइकं विचारायची, हिला वेड लागलंय का? मावशी म्हणायची, तुमचं पोर पाढे म्हणतं का? मग गप्प बसा.

नेहमी.

सुरू केलेलं काम अर्धवट टाकायची का?

तिला एका वेळी एकच तुकडा द्यायचा. तो पुरा झाल्याशिवाय दुसरा हातात नाही, दुसरा नजरेलाही पडू द्यायचा नाही. हा नियम मावशीनेच घातला होता, पोर नऊ वर्षांची असताना, आणि नियम पाळला तोवर एक शिवण अर्धी राहिली नव्हती.

कधीच नाही.

मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालायची का?

"माझ्यासमोर?" मावशी मोठ्याने म्हणाली आणि इतकी जोरात खूण केली की कागद फाटता फाटता राहिला.

अशा सव्वीस खुणा झाल्या. शेवटी चार ओळी रिकाम्या होत्या, आणखी काही सांगायचं असल्यास. तिथे तिने मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर दाबून लिहिलं: मुलगी गुणी आहे. घरचं वळण चांगलं आहे.

बटणकाकू आली तेव्हा पाकिटाला डिंक लागायचा होता. तिने कागद उचलला, वाचला आणि चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं.

"ही कोणाची मुलगी?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही आपली भिंगरी? ही तर कोणीतरी मास्तरीण वाटते आहे."

"यातलं एक खोटं दाखव मला."

बटणकाकूने कागदावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. खोटं असं त्यात एकही सापडेना.

"पण मावशी, ती म्हणाली होती की..."

"कपड्याची उलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवतेस का तू? कुठे जोड दिला, कुठे उसवून परत शिवलं? नाही ना? मग माझ्या पोरीला परक्या माणसापुढे उसवून दाखवू का मी?" तिने कागद काढून घेतला, घडी घातली, डिंक लावला आणि मुठीने ठोकून पाकीट बंद केलं. "ते डॉक्टर आहेत. चांगलं घर बघतील आणि तारीख देतील."

पाकीट तिने स्वतः जाऊन टाकलं.

सतरा दिवसांनी पुन्हा जिन्यात पावलं वाजली. या वेळी कुठे थांबली नाहीत.

भिंगरी आत आली आणि बसली नाही. तिच्या हातात छापील पत्र होतं. बटणकाकूने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"वाचून दाखवते," भिंगरी म्हणाली. "'पालकांनी दिलेल्या माहितीनुसार बालपणी कोणतीही लक्षणं आढळलेली नाहीत. त्यामुळे पुढील तपासणीची आवश्यकता वाटत नाही. आपली फाइल बंद करण्यात येत आहे.'"

"म्हणजे तुला काही झालेलं नाही," मावशी म्हणाली. "चांगलंच आहे की."

"काय लिहिलंस तू?"

"खरं लिहिलं."

"वस्तू हरवायची का?"

"हरवली होती का एक तरी? नाव सांग."

"आई! गळ्यात नाडी बांधून शाळेत जायचे मी. पोरी मला गाय म्हणायच्या. ती नाडी लिहिलीस?"

मावशीने टेबलावरची कात्री उगाच सरळ करून ठेवली.

"अभ्यासाला बसायची का?"

"दोन-दोन तास बसायचीस."

"मशीनवर! पाय मारत! ते लिहिलंस?"

"मशीनचं कुठे विचारलं होतं त्यांनी?" मावशीचा आवाज चढला. "बसायची का विचारलं, बसायची म्हटलं. ते कशावर बसायची ते पण लिहायचं असतं, हे मला कोण सांगणार? मी तिसरी शिकलेली बाई!"

भिंगरीने पत्राची घडी घालायचा प्रयत्न केला. घडी नीट बसेना. ती म्हणाली, आणि या वेळी आवाज अगदी खाली आला होता, "वेंधळी. आळशी. बेफिकीर. डोकं ठिकाणावर नाही, हातात भोकं आहेत. तीस वर्षं रोज ऐकलं मी. जेवताना ऐकलं, गिऱ्हाइकांसमोर ऐकलं. त्या बाह्यांच्या दिवशी तर सगळ्या बाजाराने ऐकलं. जे मला रोज तोंडाने सांगितलंस, ते एकदा, फक्त एकदाच कागदावर लिहायचं होतं. तेवढं नाही लिहिलंस."

आणि ती गेली. छत्री या वेळी विसरली नाही. आणलीच नव्हती.

बाह्यांचा दिवस असा, की सहा वर्षांपूर्वी शाळा उघडायच्या तोंडावर मावशी तापाने पडली. अंगात ताप असताना तिने भिंगरीच्या पुढ्यात सगळं कापड एकदम टाकलं आणि सांगितलं, उरकून टाक. एका वेळी एक तुकडा हा नियम तिनेच मोडला. भिंगरीने रात्रंदिवस बसून चार डझन बाह्या कापल्या. सगळ्या डाव्या. मावशी अंथरुणातून उठून आली, ढिगाकडे पाहिलं आणि तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "हे डोकं मला माझ्या दुकानात नको." तापात बोलली, असं बटणकाकूने नंतर समजावलं. पण ताप उतरल्यावर मावशीने ते मागे घेतलं नाही. कापलेलं कापड आणि बोललेला शब्द, दोन्ही तिच्या दुकानातून परत घेतले जात नसत. भिंगरीने पुढच्याच आठवड्यात औषधकोठारातली नोकरी धरली.

पत्र आलं त्या रात्री मावशीला झोप आली असेल-नसेल. सकाळी दुकानात आली तशी कोपऱ्यातल्या मशीनखाली वाकली आणि जुनं दप्तर ओढून काढलं. त्यात बटणकाकू उरलीसुरली बटणं ठेवायची.

"अगं, अगं, माझी बटणं!"

"तुझ्या झग्यात घाल." मावशीने दप्तर टेबलावर उलटं केलं. शेकडो बटणं टेबलभर पसरली, काही घरंगळत खाली गेली. अस्तराला अजून लाल फितीचा तुकडा शिवलेला होता. किल्ली नव्हती, पण टाके तसेच होते. बारीक, दुहेरी, तिच्या हाताचे.

दोन बस बदलून ती मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली, जिथे फॉर्म पाठवला होता. महिना संपायला चार दिवस होते. खिडकीत बसलेल्या कारकुनाने नंबराची चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "बसा आजी."

"आजी असेन तुझ्या आजीची. मला बसायचं नाही, मला चूक दुरुस्त करायची आहे."

"कोणाची चूक?"

अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर उत्तरात दुसऱ्याचंच नाव आलं असतं.

"माझी," ती म्हणाली.

मागे बाकांवर वीसेक माणसं बसली होती. तिने दप्तर खिडकीवर ठेवलं, उघडलं आणि सांगायला सुरुवात केली. फीत. नाडी. हातमोज्यांची दोरी. बिनदोऱ्याचं मशीन. एका वेळी एकच तुकडा. आवाज हळू करणं तिला येत नव्हतं, त्यामुळे सगळ्या खोलीने ऐकलं. कारकून दोनदा "पुढच्या खिडकीत" म्हणाला, मग म्हणायचा थांबला. आतून एक वयस्क नर्स बाहेर आली आणि तिचा दंड धरून तिला एका लहानशा खोलीत घेऊन गेली.

नर्सने फाइल काढली. सव्वीस खुणांचा तो कागद वर होता. मावशीला स्वतःचं अक्षर दिसलं: घरचं वळण चांगलं आहे.

"आता सांगा," नर्स म्हणाली. "नाडी बांधली नसती तर पेन्सिल किती दिवस टिकली असती?"

"संध्याकाळपर्यंत नाही."

"आणि पाय हलू दिले नसते तर?"

"पाढे राहिले असते, बाई. ती नाही तर मी जीव दिला असता." मावशी हसायला गेली, पण जमलं नाही.

नर्स लिहीत होती. खूप वेळ लिहीत होती. "हे सगळं तुम्ही स्वतः शोधून काढलंत? कोणी शिकवलं नाही?"

"कोण शिकवणार? नवरा गेला तेव्हा पोर चार वर्षांची. मशीन होतं, दोरा होता, फीत होती. जे घरात होतं त्याने बांधलं तिला."

"फार चांगलं केलंत," नर्स म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणाली, म्हणून पुढचा प्रश्न मावशीला टाचणीसारखा आत गेला. "आणि आता? गेली सहा वर्षं तिच्यासाठी हे कोण करतं?"

मावशीने दप्तराचं झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. कोठारातलं टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं, जे तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यावर पाच वॉर्डांच्या पाच चिठ्ठ्या एकदम पसरलेल्या.

"एका वेळी एकच चिठ्ठी द्यायची तिला," ती म्हणाली. "बाकीच्या झाकून ठेवायच्या. मग चुकत नाही ती. कधीच नाही. तिच्या साहेबाला एवढं सांगा ना कोणीतरी."

"तपासणी झाली असती तर आम्ही हेच लिहून दिलं असतं."

"मग द्या लिहून. तारीख द्या फक्त. नुसती तारीख. चार दिवसांत हवी आहे."

नर्सने पेन खाली ठेवलं. बंद झालेली फाइल तशी उघडता येत नाही, ती म्हणाली. घराजवळच्या डॉक्टरने पुन्हा चिठ्ठी द्यायला हवी, नवा फॉर्म यायला हवा, मग नाव लागेल. नाव लागायला दोन महिने. त्यानंतर तपासणीला वर्ष, सव्वा वर्ष. हे आत्ता लिहिलेलं ती नव्या कागदांना जोडेल, वाया जाऊ देणार नाही. पण तारखेचं पत्र नाव लागल्याशिवाय निघत नाही.

"चूक माझी आहे. शिक्षा मला द्या काय ती."

"शिक्षा नाही हो, मावशी. रांग आहे."

मावशीने वाद घातला नाही. बटणकाकूला नंतर हे सांगितलं तेव्हा तिला ते खरंच वाटेना.

महिनाअखेरीस भिंगरीची नोकरी गेली. साहेबांनी निरोपाला सगळ्यांना चहा पाजला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हे मावशीला बटणकाकूकडून कळलं. आईला तिने काही सांगितलं नाही.

दहा दिवसांनी ती नवा फॉर्म घेऊन आली. डॉक्टरने चिठ्ठी पुन्हा लिहून दिली होती. या वेळी दवाखान्याने लिहायला दुसऱ्याची मदत घ्यायची परवानगी दिली होती. नर्सने तसं वर पेनाने लिहिलं होतं. भिंगरी इकडे-तिकडे न पाहता कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर जाऊन बसली, कारण बाकी सगळीकडे कापड होतं. प्रश्न ती वाचायची, उत्तर मावशी सांगायची, खूण ती करायची. घरातल्या माणसांनी बोलावं तसं ते नव्हतं. खिडकीतला कारकून आणि रांगेतली बाई, तसं चाललं होतं.

"वस्तू हरवायची का?"

"नेहमी."

"एका जागी बसणं जड जायचं का?"

"नेहमी."

"काम अर्धवट टाकायची का?"

"नेहमी."

भिंगरीचे पाय हळूहळू पायडलवर गेले. तिला ते कळलं नसावं. चाक फिरू लागलं, वर दोरा नाही, कापड नाही. बटणकाकूने खिडकीकडे तोंड फिरवलं. मशीनच्या घरघरीत प्रश्न येत राहिले आणि मावशी एकेक 'नेहमी' देत राहिली. स्वतःच्या हाताने घातलेला एकेक टाका उसवावा तसं.

शेवटच्या प्रश्नाला पाय थांबले.

"म्हणजे तुला माहीत होतं," भिंगरी म्हणाली.

"माहीत नव्हतं गं. दिसत होतं फक्त."

"मग ओरडायचीस कशाला?"

मावशीकडे याचं उत्तर होतं. घाबरायचे म्हणून. मी मेल्यावर तुझी नाडी कोण बांधेल, या भीतीने. पण असली वाक्यं तिने जन्मात कधी तोंडाबाहेर काढली नव्हती, आणि या वयात ती कुठून बेतायची तेही तिला कळेना. ती म्हणाली, "चहा घेतेस?"

"नको. बस जाईल." भिंगरीने पाकीट बंद केलं, कोट घातला आणि गेली.

पायऱ्या वाजत खाली गेल्या. बटणकाकूने टेबलावरचं कापड उचललं आणि खालून किल्ल्या निघाल्या. तीन किल्ल्या, एका साध्या कडीत. मावशी खिडकीपाशी धावली, म्हणजे तिचे गुडघे जेवढं धावू देतील तेवढी. भिंगरी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली होती. मावशीने खण उघडला, लाल फितीचं रीळ काढलं, हातभर फीत कापली, कडीत ओवून गाठ मारली. वर चार टाके घालायला सुई घेतली. मग फितीचं दुसरं टोक हातात धरून ती तशीच उभी राहिली. भिंगरीकडे आता दप्तर नव्हतं. अडतीस वर्षांच्या बाईला ही फीत लावायची कशाला, ते तिला सुचेना.

जिन्यात पुन्हा पावलं वाजली. भिंगरी दारात आली, घामेजलेली, कोटाचं बटण भलत्याच काजात.

"किल्ल्या..."

वाक्य मावशीच्या जिभेवर आलं होतं. तीस वर्षांचं, घासून गुळगुळीत झालेलं, आपसूक येणारं. तिने ओठ मिटले, टाचण्या तोंडात धराव्यात तसे, आणि किल्ल्या पुढे केल्या.

भिंगरीने त्या घेतल्या नाहीत. ती वाट पाहत होती. मान किंचित खाली, डावा खांदा जरा वर, लहानपणी उभी राहायची तशी. 

"बोल ना," ती शेवटी म्हणाली.

"काय बोलू?"

"नेहमीचं."

मावशीने मान हलवली. नाही.

भिंगरीचे डोळे भरून आले ते तेव्हा. नोकरी गेली तेव्हा ती रडली नव्हती, पत्र आलं तेव्हाही नाही. तिने किल्ल्या घेतल्या, लाल फितीवरून अंगठा फिरवला, खिशात टाकल्या आणि वळली. फितीचं टोक खिशाबाहेर लोंबत राहिलं.

मावशी दारात उभी राहून पायऱ्या मोजत होती. एकोणीस झाल्या. ती अजून थोडा वेळ थांबली, काही विसरलं असेल म्हणून. मग आत येऊन, दप्तर उलटं केलं त्या दिवसापासून टेबलाखाली राहून गेलेली बटणं वेचायला वाकली.